ई नसलेला फॉरगो

हैदराबाद,
१९ जुलै १९३८

मित्र मोहन,

मी निघताना तू बजावलं होतंस की मी इथं जे शिकेन त्यातलं इंग्रजी तुला पत्रानं कळवायचं. मिडलपर्यंत आपण हिंगोलीत एका खोलीत राहिलो, एकाच दिव्यावर अभ्यास केला. मग बाबूसिंगकाका गेले, तुला तांड्यावर परत जावं लागलं आणि मी पुढं आलो. तू कधी बोलला नाहीस, पण मला ते टोचतं. म्हणून हे पत्र.

कॉलेजात सगळे विषय उर्दूत आहेत. इंग्रजी मात्र इंग्रजीतून. आमचे म्हातारे प्रोफेसर जुन्या, कुणी न वापरणाऱ्या शब्दांचे वेडे आहेत. या आठवड्यात त्यांनी फॉर या अक्षरांनी सुरू होणारे शब्द घेतले. आपण शाळेत फॉर म्हणजे 'साठी' असं शिकलो ना? हा तो फॉर नाही. हा फार जुना. तो ज्या शब्दाच्या पुढं बसतो त्याला दूर लोटतो, नाहीतर पार शेवटाला नेतो. गेट म्हणजे मिळवणं, फॉरगेट म्हणजे मिळवलेलं हातून सुटणं. बिड म्हणजे सांगणं, फॉरबिड म्हणजे करू नको म्हणून सांगणं. हे दोन आपल्याला माहीत होते, पण आतून असे असतील हे कुठं माहीत होतं?

आता जुने घे. फॉरलॉर्न: सगळ्यांनी टाकलेला, एकटा पडलेला. फॉरस्पेंट: थकून थकून काही न उरलेला. फॉरफेंड: येणारं संकट बाहेरच्या बाहेर परतवणं. फॉरबेअर: हात उचलायची ताकद असून न उचलणं. फॉरगो: मिळण्यासारखं असून सोडून देणं.

तास संपला तरी मी जागेवरून उठलो नाही. नंतर वसतिगृहातल्या खोलीवर आलो आणि पुन्हा बाहेर पडलो. इथं माझं असंच चाललंय. मुसी नदीच्या पुलावर जातो, परत येतो, पुस्तक उघडतो, मिटतो. शहर मोठं आहे, पण पाय ठरत नाहीत. गावी गेलो तर तिथंही ठरणार नाहीत, हेही ठाऊक आहे.

आबा बाजाराला येतात तेव्हा तुझ्याकडं डोकावतात का? त्यांना सांग, पोरगं जेवतं वेळेवर.

तुझा
तातेराव


पुसेगावजवळचा तांडा,
७ ऑगस्ट १९३८

तात्या,

तुझं पत्र डाकवाल्यानं बांधावर आणून दिलं. आवत सोडून तिथंच वाचलं. किसन म्हणला, दादा, बैल उभे राहिलेत. मी म्हणलं राहू दे. किसन आता माझ्या डोक्याला लागला बरं का. धाकटा वाटत न्हाई.

शब्द पाठ केले. पण माझ्या डोक्यात गोंधळ होऊन राहिला. फॉरनं सुरू होणारे मी बी हुडकले. फॉरेस्ट घे. फॉर आन् रेस्ट. इसाव्यासाठी. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखानं हिंडायचे तवा जंगलातच इसावा घ्यायचे, म्हणून मला ते बराबर वाटलं. पण तू म्हणतो हा फॉर दूर लोटतो. मग फॉरेस्ट म्हंजे जिथं इसावा मिळत न्हाई ती जागा? मागल्या पावसाळ्यात रानात वाट चुकलो तवाचं आठवून ते बी खरंच वाटलं!

दुसरं. फॉरफादर. शाळेत वाचलेला. आता तुझ्या हिशेबानं त्याचा अर्थ गमावलेला बाप. माझ्याजवळ तर तसलाच हाय. खरं का?

आन् फॉरगो मला पटत न्हाई. गो म्हंजे जा. जा म्हणायचं आन् सोडून दे समजायचं, हे कसलं? पण तू म्हणतो तर तसंच आसंल.

मला मॅट्रिक करायची हाय तात्या. हे मी कुणालाच म्हणलं न्हाई, तुला म्हणून राहिलो. कनेरगाव नाक्याच्या पल्याड वऱ्हाड लागतं. तिथं वाशीमच्या शाळेत इंग्रजीतून मॅट्रिक होते, मोठ्या पोरांना बी घेतात म्हणे. याडीला अर्धंच बोललो तर ती चुलीपुढून उठून गेली. बा गेल्यापासून माझी आई एक गोष्ट सहन करत न्हाई, ती म्हंजे कुणी कुठं जातो म्हणणं. किसनला औंढ्याच्या जत्रेला जायचं म्हणलं तरी दिवसभर बोलत न्हाई.

रोज सकाळी आवत जुपतो आन् नजर वाशीमच्या रस्त्याकडं जाते. ज्वारी गुडघ्याएवढी झाली. माझं मन मातीत न्हाई. मातीला हे कळत आसंल का, माहीत न्हाई, पण बैलांना कळतं. तास वाकडं जातं.

आबा परवा आले होते. ओसरीवर बसून तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. शब्दांचे अर्थ बी इचारले. 'जेवतं वेळेवर' हे ऐकून म्हणले, खोटं लिहितंय.

आणखी पाठव.

मोहनसिंग


हैदराबाद,
२ सप्टेंबर १९३८

मोहन,

तुझं पत्र मी आमच्या प्रोफेसरांना वाचून दाखवलं, उर्दूत करून. फॉरेस्टवर ते एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पण हसून झाल्यावर म्हणाले, हा मुलगा विचार करतो. फॉरेस्ट दुसऱ्याच भाषेतून आलाय. 'बाहेरचं रान' असा त्याचा मूळ अर्थ. रेस्टशी त्याचं नातं नाही.

फॉरफादरचं मात्र लक्षात ठेव. त्यात आर नंतर ई आहे. फोर, चार अक्षरी. तो फोर म्हणजे पुढचा, आधीचा. फोरफादर म्हणजे आपल्या आधी होऊन गेलेले वाडवडील. त्यात गमावणं काही नाही.

एका ई नं अर्थ उलटतो. फॉरगो, ई नसलेला, म्हणजे सोडून दे. फोरगो, ई असलेला, म्हणजे आधी जा, पुढं हो. इंग्रज लोकसुद्धा यात चुकतात. तू चुकू नको.

आणखी एक शब्द, फॉरस्वेअर. स्वेअर म्हणजे शपथ घेणं. फॉरस्वेअरचे अर्थ दोन. एक, एखादी गोष्ट शपथेवर कायमची सोडणं. दुसरा, खोटी शपथ घेणं. मी प्रोफेसरांना विचारलं, एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे? ते म्हणाले, ज्यानं मनापासूनची गोष्ट शपथेवर सोडली, त्यानं खोटी शपथ घेतली असं जुन्या लोकांना वाटत असेल. हा त्यांचा अंदाज, पुस्तकात तसं नाही. पण मला तो रात्रंदिवस पुरला.

मॅट्रिक कर. नक्की कर. रूपाकाकूंना मी सुटीत येऊन समजावीन.

इथं वातावरण तापतंय. कशाबद्दल ते लिहीत नाही.

तातेराव


तांडा,
१४ ऑक्टोबर १९३८

तात्या,

दसरा झाला, तू आला न्हाईस. आबा सोनं घेऊन तांड्यावर आले. याडीच्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणले, रूपाबाई, माझ्या पोराचं शिक्षण तुमचं पोरगं मला देऊन राहिलं. म्हंजे तुझी पत्रं, मॅट्रिकचं तेवढं गाळून, वाचून दाखवतो म्हणून. याडी हसली. बा गेल्यानंतर तिला परक्यापुढं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

आबा गेल्यावर तोच मोका बघून मी वाशीमचं काढलं. ती एवढंच म्हणली, "पळून जायचं काहून म्हणत न्हाईस सरळ?" मी म्हणलं शिकायला चाललो. ती म्हणली, "तुझा बा बी मीठ आणायला चाललो म्हणूनच गेला होता." बा ला वाटंत ताप भरला आन् तिकडंच गेला, हे तुला माहीत हाय. मग मी फॉरबेअर केलं. म्हंजे गप बसलो. पण आतून गप न्हाई.

तापलंय म्हणतो ते काय? इथं बाजारात लोक कुजबुजतात. काही सत्याग्रह म्हणतात, काही म्हणतात धरपकड होणार. आबाच्या कानावर आलं. मला इचारत होते, "आपला तात्या त्यात न्हाई ना?" मी म्हणलं न्हाई. खरं काय ते मला कळव, म्हंजे मला खोटं तरी नीट बोलता येईल.

मोहनसिंग


हैदराबाद,
१ डिसेंबर १९३८

मोहन,

घाईत आहे. वसतिगृहात आम्ही रोज संध्याकाळी एकत्र बसून मातृभूमीची एक प्रार्थना म्हणत होतो. ती बंद करण्याचा हुकूम आला. आम्ही म्हटली. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. आता सगळेजण एका धर्मशाळेत पथाऱ्या टाकून आहोत. कॉलेजचं म्हणणं असं, की माफी मागा आणि पुन्हा म्हणणार नाही अशी शपथ लिहून द्या. नाहीतर नाव कमी.

मला फॉरस्वेअर आठवला. लिहून दिलं तर कुठला अर्थ खरा ठरेल, हे मला ठाऊक आहे.

काही जणांनी लिहून दिलं. माझ्या शेजारच्या पथारीवरचा एकजण काल गेला, त्याच्या आईनं येऊन नेला. ती दारात नुसती उभी होती, एक शब्द बोलली नाही. तो उठला आणि गेला.

मला हीच भीती आहे. आबा रागावले तर मी उभा राहीन. पण ते येऊन नुसते उभे राहिले तर मी मोडेन मोहन. त्यांना यातलं काही सांगू नको. नागपूरचं कॉलेज आम्हाला घेईल अशी बोलणी चालू आहेत. एकदा नाव लागलं की मीच आबांना लिहीन.

तातेराव


तार
हैदराबाद, ८ डिसेंबर १९३८
मोहनसिंग राठोड, पुसेगाव, हिंगोली
फादर फॉरगो हैदराबाद. तातेराव.


तांडा,
११ डिसेंबर १९३८

तात्या,

तार मिळाली. तुझ्या कॉलेजानं सगळ्या बापांना कागद धाडलेत, ते तुला कळलं आसंल म्हणूनच तू तार केलीस. आबाला बी कागद आला होता. उर्दूत. पटवाऱ्यानं चावडीत मोठ्यानं वाचला, सगळ्या गावानं ऐकला. आबा तिथून सरळ माझ्याकडं आले. तवाच तुझी तार बी आली.

आबा काल हिंगोलीहून गाडीत बसले. उद्या-परवा तिथं पोचतील.

माझ्यावर चिडशील. तारेतला फॉरगो मी ई वाला समजलो. आधी जा. वडलांनी आधी हैदराबादला यावं, आसं तुला म्हणायचंय आसं वाटलं. आबांना तसंच सांगितलं. ते गेल्यावर तुझं जुनं पत्र काढून बघितलं तर अर्थ उलटा. आता काय करू? माझं इंग्रजी तेवढंच.

जेवायला बसलो आन् उठलो. बैलांना पाणी दाखवायला गेलो आन् बादली तिथंच इसरून आलो. काय झालं ते लगेच कळव.

मोहनसिंग


नागपूर,
२२ डिसेंबर १९३८

मोहन,

तुझं पत्र मला हैदराबाद सोडताना मिळालं. वाचून एवढा संताप झाला की तिथं असतास तर तुला धरून हलवलं असतं. एक शब्द. मी तुला पानभर समजावला होता. चुकू नको म्हणून बजावलं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड आठवडा, आणि तू ई बघितला नाहीस!

आता काय घडलं ते ऐक.

आबा धर्मशाळेच्या दारात आले तेव्हा मी जेवत होतो. डोक्याला पागोटं, काखेत घोंगडं, हातात भाकरीचं फडकं. मी ताटावरून उठलो, पण पुढं जाता येईना. मला वाटलं तसेच ते उभे राहिले. आता मी जातो, असं माझं मलाच दिसायला लागलं.

आबा आत आले आणि माझ्याजवळ पथारीवर बसले. म्हणाले, "तुमी लोक काय म्हणत होता ते मला म्हणून दाखव."

मी म्हटलं, "इथं?"

"हितं. मला ऐकायचंय. गाव म्हणतं पोरानं गुन्हा केला. गुन्हा तर ऐकू दे."

मी हळू आवाजात म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीला अडखळलो. तेव्हा शेजारच्यांनी धरलं, मग सगळ्यांनी. आबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "यात काय वाईट हाय?" आणि उठले. "चल, तुझ्या साहेबाकडं."

कॉलेजच्या कचेरीत कारकुनानं त्यांना कागद दाखवला. मुलानं सही केली तर नाव राहील, म्हणाला. आबा बाजारात बोलतात तशा हिंदीत बोलले, "लडका नहीं लिखता साब. उसका संदूक किधर है?"

वसतिगृहाचं कुलूप उघडून माझी पत्र्याची ट्रंक बाहेर आणून ठेवली. मी उचलायला वाकलो तर त्यांनी हात बाजूला केला. मोहन, ज्या पाटलाची छत्रीसुद्धा आमचा गडी सटवाजी धरतो, त्यानं पागोटं काढून माझ्याकडं दिलं आणि ट्रंक डोक्यावर घेतली. स्टेशनपर्यंत. मी मागं पागोटं घेऊन चालत होतो. वाटेत लोक बघत होते. मी दोनदा म्हटलं आबा, द्या. ते म्हणाले, "तू नागपूरपर्यंत नेणारच हाईस. एवढं मला नेऊ दे."

त्यांची गाडी आधी निघाली. खिडकीतून घोंगडं माझ्याकडं टाकलं. तिकडं थंडी असती म्हणे, एवढंच म्हणाले.

म्हणजे तुझ्या चुकीनं माझं नुकसान झालं नाही, उलट भलंच झालं. पण ते नशीब. तुझं इंग्रजी नव्हे. मित्र म्हणून खरं सांगतो, मॅट्रिकचा नाद सोड. ज्याला अशा वेळी एक अक्षर दिसत नाही, त्यानं चार वर्षं घालवून काय मिळवायचं? तुझी शेती आहे, किसन आहे, काकू आहेत. राग मानू नको.

इथं नाव लागलं. थंडी खरोखरच आहे.

तातेराव


नागपूर,
३० जानेवारी १९३९

मोहन,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. नाराज झालास का? मी बोललो ते तुझ्या भल्यासाठी.

इथं ग्रंथालयात जुन्या शब्दांचा मोठा कोश मिळाला. त्यात फॉरवॉर्न सापडला, झिजून झिजून गेलेला. पाठवायला कुणी नाही म्हणून स्वतःशीच म्हणत बसलो.

पत्र टाक.

तातेराव


नागपूर,
२६ फेब्रुवारी १९३९

मोहन,

तू लिहीत नाहीस. आबांचंही पत्र नाही. तिकडं सगळं ठीक आहे ना? तुझ्या तांड्यावरून किंवा गावाकडून कुणी आलं की मी खोदून विचारतो, पण इथं आपल्याकडचं येतं कोण? वर्गात बसतो, लक्ष खिडकीबाहेर. दोन ओळी तरी लिही. शिव्या दे, पण लिही.

तातेराव


पुसेगाव,
१२ मार्च १९३९

चिरंजीव तातेरावास आबाकडून,

अक्षर मोहनसिंगचं हाय, बोलणं माझं. तो लिहायला तयार न्हाई. मी म्हणलं मी बोलतो तसं लिही, एक शब्द इकडचा तिकडं करू नको. त्यानं मान डोलावली हाय.

आज मी तांड्यावर गेलो होतो. तुझी तीन पत्रं त्याच्या खिशात होती. मी म्हणलं वाच. पहिलं वाचताना तो मधी थांबला. मी म्हणलं काहून थांबला? तर म्हणला अक्षर लागत न्हाई. तुझं अक्षर त्याला न लागायला काय झालं? पत्र हिसकून घेतलं आन् शाळेतल्या गुरुजीकडून वाचून घेतलं. मॅट्रिकचा नाद सोड, हे तवा ऐकलं.

तर ऐक. तार आली त्या दिवशी मोहननं ती मला बराबर वाचून दाखवली. म्हणला, "आबा, तात्या म्हणतो हैदराबादला येऊ नका." एका दमात. त्याला काही बघावं लागलं न्हाई. मी म्हणलं मी जाणार. तो म्हणला जाऊ नका, तो मोडेल. मी गाडी जुपायला सांगितली तर तो जुवाला धरून उभा राहिला. पाटलाच्या गाडीपुढं! सटवाजी त्याच्या अंगावर धावला. मी सटवाजीला मागं सारलं.

मी मोहनला म्हणलं, चावडीत कागद वाचला तवापासून घास उतरंना. मी पोराला माफी मागायला लावाया चाललो न्हाई. मी त्याला बघाया चाललो. त्यानं नको म्हणलं तरी बाप आला, आसं त्याला कळलं तर तो म्हणंल आबाचा माझ्यावर इश्वास न्हाई. म्हणून तू त्याला लिही, की तुला उलटं कळलं.

तो म्हणला, "आबा, मग तो म्हणंल मला इंग्रजी येत न्हाई."

मी म्हणलं म्हणू दे.

त्यानं मग जू सोडलं.

मला तवा त्याचं काय जाऊन राहिलं हे कळलं न्हाई. मला वाटलं एका शब्दाची गोष्ट. त्याला शाळंत जायचंय हेच मला ठाऊक नव्हतं.

(आबा, हे पुरे करा, आसं मी म्हणलं. ते म्हणतात हे बी लिही.)

पुढं ऐक. हे पत्र झाल्यावर मी रूपाबाईकडं जाणार हाय. सटवाजी आन् किसन मिळून दोन्हीकडची पेरणी करतील. रूपाबाई मला उठवून लावंल. लावू दे. पुन्हा जाईन.

तू पोराला काय लिहायचं ते तुझं तू ठरव. मी सांगत न्हाई.

आबा


नागपूर,
१९ मार्च १९३९

मोहन,

आबांचं पत्र काल आलं. कॉलेजला गेलो नाही. सकाळपासून चारदा लिहायला बसलो.

मी तुला जे लिहिलं त्याला माफ कर असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. आज दुपारी तारघरात जाऊन वाशीमच्या हेडमास्तरांना तार केली. आमच्या इथल्या एका प्राध्यापकांची त्यांच्याशी ओळख आहे, त्यांचं पत्रही उद्याच्या डाकेनं जातंय. प्राध्यापक म्हणतात, वयाची अडचण येणार नाही, चाचणी घेऊन वर्ग ठरवतील. सुटी लागली की मी वाशीमला येऊन राहतो. निजामाच्या हद्दीत मला येता येईल की नाही सांगता येत नाही, आमच्यातल्या दोघांना नाक्यावरून परत पाठवलंय. पण वाशीम अलीकडं आहे. तू ये. गणित तुझं कच्चं आहे, ते मी बघतो.

रूपाकाकूंना मी पत्र लिहिणार होतो. पण ते तूच वाचून दाखवणार, आणि तू पुन्हा म्हणशील अक्षर लागत नाही.

ये रे.

तात्या


वाशीम,
२७ जून १९३९

तात्या,

तू सुटीभर शिकवून गेलास त्याचा उपयोग झाला. चाचणी दिली. आठवीत घेतलं. तुला वाटलं होतं नववी, पण गणितानं घात केला. असू दे.

तू गेल्यावर मी पुन्हा तांड्यावर गेलो होतो, सामान आणायला. आबा याडीकडं चारदा जाऊन आले होते. सुटीत मी तुझ्याकडं जाऊन-येऊन केलं ते तिनं खपवून घेतलं, पण शाळंत राहायला धाडायचं म्हणलं की ती दर वेळी त्यांना चहा द्यायची आन् न्हाई म्हणायची. पाचव्यांदा ते आलेच न्हाईत. त्याच दिवशी संध्याकाळी ती मला म्हणली, "कोणत्या दिवशी जायचं?" मी बघतच राहिलो. काहून बदललं, इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर पुन्हा बदललं आसतं.

किसन गाडी घेऊन येणार होता. पण सकाळी उठून बघतो तर याडीच पराणी घेऊन जुवाजवळ उभी. म्हणली, मी सोडते. बा गेल्यापासून ती पुसेगावच्या बाजाराच्या पलीकडं गेली न्हाई. वाटंत बोलली ती बैलांशीच. रेंगाळले की हाकायचे, पळायला लागले की आवरायचे, एवढंच.

कनेरगाव नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं गाडी अडवली. येणाऱ्या-जाणाऱ्याचा माल तपासायचं काम त्याचं. गठुडं सोडलं, पुस्तकं काढून बघितली, पुन्हा टाकली. मला इचारलं, "किधर जाते?" माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत याडी बोलली. गाडीवरूनच, मोठ्यानं, अर्ध्या नाक्याला ऐकू जाईल आसं.

"माझं लेकरू शाळंत चाललंय. वाशीमच्या. मॅट्रिक करणार हाय."

मॅट्रिक हा शब्द तिनं मला कधी म्हणू दिला नव्हता. तिला तो ठाऊक होता हेच मला ठाऊक नव्हतं. शिपाई हसला आन् माझ्याकडं बघून म्हणला, "ये? इतना बडा?" याडी म्हणली, "व्हय. एवढा मोठा. मीच मोठा होऊ दिला घरात. आता सोडा."

त्यानं सोडलं. पल्याड मोटार उभी होती. मी गठुडं घेऊन उतरलो. पाया पडायला वाकलो तर तिनं बैल वळवायला घेतले होते. गाडी निघाली. मी हाक मारली. तिनं मागं बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर मी मोटारीत बसलो नसतो, हे तिला कळत होतं. धूळ खाली बसस्तोवर मी तिथंच उभा राहिलो, मग मोटारवाला ओरडला.

आज पहिला दिवस. मास्तरांनी हजेरी घेतली. मोहनसिंग बाबूसिंग राठोड म्हणल्यावर मी उभा राहिलो, तर पुढच्या बाकावरची पोरं मागं वळून वर बघायला लागली, जसं झाडाकडं बघावं. एक जण हसला, मग सगळे. मास्तर म्हणले, गप्प बसा. मला म्हणले, तुम्ही बसा. वर्गात अहो-जाहो फक्त मलाच.

मागच्या बाकावर बसलो. बाक तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा. गुडघे खाली मावत न्हाईत, एक पाय वाटंत काढून ठेवावा लागतो. पोरं अडखळतात.

पण बसलोय.

मोहन